फिगर : एका सालस वळूची आणि त्याच्या अनेक मालकांची गोष्ट

१/ १८२१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात एका शेताच्या उघड्या आवारात एक म्हातारा घोडा मरण पावला. दुसऱ्या घोड्याची लाथ त्याच्या कुशीत बसली होती. डोक्यावर छप्पर नव्हते आणि जखमेकडे पाहायला कोणी आले नाही. आज त्याच राज्यात त्याचा ब्राँझचा पुतळा उभा आहे आणि त्याचा वंश हा व्हरमाँटचा अधिकृत राज्यप्राणी आहे. त्या आवारापासून या पुतळ्यापर्यंतचा प्रवास आजच्या धाग्यात पाहू.

२/ घोड्याचे नाव फिगर. मात्र जगाला तो या नावाने फारसा माहीत नाही. त्याच्या एका मालकाचे नाव जस्टिन मॉर्गन. हळूहळू लोक घोड्यालाच ‘जस्टिन मॉर्गन’ म्हणू लागले आणि पुढे साऱ्या वंशाला ‘मॉर्गन’ हे नाव मिळाले. गंमत अशी की, या मालकाकडे तो घोडा जेमतेम तीन-चार वर्षे होता.

३/ आधी मालकाविषयी. जस्टिन मॉर्गनचा जन्म १७४७ चा, मॅसॅच्युसेट्समधील वेस्ट स्प्रिंगफील्डचा. मुलांना लिहिणे-वाचणे शिकवावे, गावोगावी हिंडून गायनाचे वर्ग घ्यावेत, जमेल तसा इतर व्यवसाय करावा, हा त्याचा चरितार्थ. प्रार्थनागीतांना त्याने दिलेल्या चाली १७९० मध्ये एका संग्रहात छापल्या गेल्या. अमेरिकेच्या आरंभीच्या संगीतकारांत त्याचे नाव आजही घेतले जाते. पण संगीताने त्याचे पोट कधीच नीट भरले नाही.

४/ १७८८ मध्ये तो कुटुंबासह व्हरमाँटमधील रँडॉल्फ या नव्याने वसत असलेल्या गावी आला. व्हरमाँट तेव्हा अमेरिकन संघराज्यात सामीलही झालेले नव्हते. ते १७९१ मध्ये झाले. त्याच वर्षी मॉर्गनची पत्नी वारली आणि लहान मुले शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी वाढवायला द्यावी लागली. फिगर ज्या घरात आला ते हे असे घर होते.

५/ परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी : जुने येणे वसूल करायला मॉर्गन आपल्या मूळ गावाकडे गेला. ऋणकोकडे रोकड नव्हती, म्हणून त्याने पैशाऐवजी एक तरुण घोडा दिला. तपशील मागेपुढे होतील, पण त्या काळाच्या अर्थव्यवहाराशी ही कथा जुळते. रोकड दुर्मीळ होती. कर्जे जनावरांत, धान्यात आणि मजुरीत फिटत असत.

६/ घोडा दिसायला कसा होता? उंची सुमारे १४ हात. (घोड्याच्या मापातला एक ‘हात’ म्हणजे चार इंच, तेव्हा खांद्यापाशी साधारण ५६ इंच.) वजन सुमारे ४३० किलो. रंग गडद कुमैत. पाय, आयाळ आणि शेपूट काळी. आखूड पाठ, रुंद छाती, लहान कान, उमदे डोळे. त्या काळच्या मोठ्या ओढकाम करणाऱ्या घोड्यांशेजारी तो तट्टूच वाटला असता.

७/ आता एक शब्द स्पष्ट करू. प्रजननासाठी राखलेल्या, खच्ची न केलेल्या नर घोड्याला आपण या धाग्यात ‘वळू’ म्हणू. जगभरात बहुतेक नर शिंगरे खच्ची केली जातात, आणि त्याला कारण आहे. वळू आजूबाजूच्या घोड्यांशी भांडतो, घोडीचा वास आला की कामावरून त्याचे चित्त उडते. त्याला इतरांबरोबर जुंपणे धोक्याचे असते. म्हणून सधन लोक वळूला वेगळा तबेला आणि वेगळा मोतद्दार देत.

८/ व्हरमाँटच्या डोंगराळ शेतकऱ्याला ही चैन परवडणारी नव्हती. तिथे वर्षातले तीन महिने घोड्या दाखवायच्या आणि उरलेले नऊ महिने नुसते चारत ठेवायचे, असा वळू म्हणजे पांढरा हत्ती. वळू राखायचाच तर त्याने नांगर ओढला पाहिजे, ओंडके वाहिले पाहिजेत, रविवारी कुटुंबाला प्रार्थनेला नेले पाहिजे आणि जत्रेत शर्यतही जिंकली पाहिजे. असा प्राणी क्वचितच मिळतो. फिगर तसा होता.

९/ मॉर्गनने त्याच्यापासून उत्पन्न काढण्याचे दोन मार्ग अवलंबले. पहिला मार्ग प्रजननाचा. वसंत ऋतूपासून वळू ठरावीक तबेल्यात उभा करायचा किंवा गावोगाव फिरवायचा, आणि वृत्तपत्रात तशी जाहिरात द्यायची. शेतकरी आपापल्या घोड्या घेऊन येत. शुल्क रोख द्यावे, नाहीतर धान्यात. घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा, त्यामुळे वळूची परीक्षा पुढच्या वसंतात होई : शिंगरू कसे निघाले?

१०/ दुसरा मार्ग भाड्याचा. रॉबर्ट एव्हन्स नावाच्या शेतकऱ्याने तो वर्षाला १५ डॉलर भाड्याने घेतला. एव्हन्सने दुसऱ्याची १५ एकर दाट जंगलाची जमीन साफ करून देण्याचा मक्ता घेतला होता. झाडे तोडायची आणि ओंडके ओढून बाजूला न्यायचे. हे काम एरवी बैलांच्या जोड्या किंवा थोराड घोडे करत. एव्हन्सने ते या लहानशा वळूकडून करून घेतले, असे सांगितले जाते.

११/ याच एव्हन्सची एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. लाकूड कापण्याच्या गिरणीजवळ एक ओंडका पडला होता आणि कोणाचाच घोडा त्याला हलवू शकला नव्हता. एव्हन्सने एक गॅलन रमची पैज लावली. वर तीन दणकट माणसांना ओंडक्यावर बसायला सांगितले. गिरणी सुमारे ५० मीटरवर होती. पहिल्या ओढीत अर्धे अंतर, दुसऱ्या ओढीत गिरणीचे दार.

१२/ तीन माणसे खरोखर बसली होती का? रमचा गॅलन कोणी मोजला? इतिहासाच्या विद्यार्थ्याने असे प्रश्न विचारलेच पाहिजेत. ही कथा छापली गेली ती घटनेनंतर सुमारे साठ वर्षांनी. दरम्यान ती असंख्य ओसऱ्यांवर सांगितली गेली होती. तिच्यातले आकडे शब्दशः घेऊ नयेत, पण त्या घोड्याविषयी लोकांना नेमके कशाचे अप्रूप वाटले ते मात्र तिच्यातून कळते : आकार लहान, ताकद मोठी आणि हाकेसरशी कामाला लागण्याची वृत्ती.

१३/ शर्यतीची कथाही अशीच. १७९६ मध्ये ब्रुकफील्ड गावी न्यूयॉर्कहून आलेल्या स्वीपस्टेक्स आणि सिल्व्हरटेल या दोन घोड्यांना फिगरने हरवले, असे सांगतात. पैज प्रत्येकी ५० डॉलरची. (मराठी वाचकासाठी काळाचे भान : खर्ड्याची लढाई त्याच्या आदल्या वर्षीची.) आठवडाभर ओंडके ओढणारा घोडा शर्यतीच्या घोड्यांना हरवतो, ही गोष्ट डोंगरातल्या गरीब शेतकऱ्यांना किती सुखावून गेली असेल!

१४/ तिसरे काम मिरवण्याचे. गावोगावच्या नागरी सैन्यदलांच्या कवायती होत, तेव्हा अधिकाऱ्याला ऐटदार घोडा हवा असे. गर्दी, बँड आणि बंदुकांचे आवाज यांत हा वळू मान उंच करून डौलात चाले, पण स्वाराचा लगाम सोडत नसे. त्याच्या स्वभावाची वर्णने साधारण एकच गोष्ट सांगतात : अंगात तेज भरपूर, पण खोड नाही.

१५/ इथे ‘सालस’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. सालस म्हणजे मंद नव्हे. मंद घोडा शर्यत जिंकत नाही. वळूचा सालसपणा म्हणजे उसळण्याची शक्ती असूनही माणसाचा इशारा ऐकण्याची तयारी. जनावर पाळणाऱ्याला ही गोष्ट ताकदीपेक्षा मोलाची वाटते, कारण ताकद चाऱ्याने आणि सरावाने वाढते, स्वभाव मात्र बव्हंशी जन्माबरोबर येतो. आणि जे जन्माबरोबर येते ते पुढच्या पिढीत जाऊ शकते.

१६/ पण अशा गुणी जनावराचे नशीब काय? १७९५ च्या सुमारास मॉर्गनने त्याला विकले किंवा बदल्यात दिले. १७९८ मध्ये मॉर्गन वारला. त्यानंतर फिगर इतक्या हातांतून गेला की यादी करणे अवघड. कधी एका लोहाराच्या दुकानाच्या बदल्यात त्याचा सौदा झाला, असे सांगतात. काही काळ तो त्याच रॉबर्ट एव्हन्सच्या मालकीचा झाला. एव्हन्सवर कर्जाचा दावा लागला तेव्हा जामीन राहिलेल्या कर्नल जॉन गॉसकडे घोडा गेला.

१७/ जॉनचा भाऊ डेव्हिड गॉस, सेंट जॉन्सबरीचा शेतकरी. एक घोडी देऊन त्याने भावाकडून फिगर घेतला आणि सुमारे सात वर्षे सांभाळला. सांभाळला म्हणजे राबवला : नांगर, गाडी, ओंडके, आणि हंगाम आला की घोड्या. फिगरच्या आयुष्यातला हा त्यातल्या त्यात स्थिर काळ. ज्यांच्यामुळे हा वंश पुढे गेला त्या वळूंपैकी शर्मन हा पुत्र याच वर्षांतला.

१८/ त्यानंतर उतार सुरू झाला. वय विशीपलीकडे गेलेल्या या वळूला एका मालकाने सहा घोड्यांच्या मालवाहू गाडीला जुंपले. विंडसर ते चेल्सी, डोंगरातले रस्ते, अवजड ओझे. तो खंगला आणि स्वस्तात विकला गेला. आणखी काही हात बदलले, आणि शेवटी चेल्सीजवळच्या शेतावरचे ते उघडे आवार.

१९/ इथे थांबून एक गोष्ट लक्षात घेऊ. या घोड्याविषयी आपल्याला जे काही खात्रीने कळते, ते कशातून कळते? जाहिरातीतून, भाडेकरारातून, कर्जाच्या दाव्यातून, अदलाबदलीतून. जेव्हा जेव्हा तो ‘मालमत्ता’ म्हणून हलला, तेव्हा तेव्हा कागदावर किंवा कोणाच्या तरी स्मरणात त्याची खूण उमटली. मालकाकडे निवांत चरत असलेल्या दिवसांची नोंद कोणी ठेवली नाही. त्याचे सुखाचे दिवस इतिहासाला अदृश्य आहेत.

२०/ मग तो विस्मृतीत का गेला नाही? शिंगरांमुळे. त्याच्याकडे येणाऱ्या घोड्या सर्व प्रकारच्या असत : जाड, बारीक, उंच, ठेंगण्या. तरी शिंगरे बापाचे रूप घेऊन येत. तीच आखूड पाठ, तीच मान, तोच कामसू स्वभाव. आजच्या भाषेत बोलायचे तर आपले गुण ठळकपणे पुढे देण्याची क्षमता त्याच्यात असामान्य होती. अनुवंशशास्त्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधी शेतकऱ्यांनी हे नुसत्या डोळ्यांनी ओळखले होते.

२१/ त्याचे तीन पुत्र विशेष गाजले : शर्मन, बुलरश आणि वुडबरी. शर्मनचा मुलगा ब्लॅक हॉक (जन्म १८३३) आणि त्याचा मुलगा ईथन ॲलन (जन्म १८४९). दुडक्या चालीच्या शर्यतींत ईथन ॲलनने देशभर नाव कमावले. रस्ते सुधारत होते, हलक्या घोडागाड्या आल्या होत्या, आणि दूरवर न थकता दुडकणारा, वाटेत न बिथरणारा घोडा सर्वांनाच हवा होता. लाथ बसून मेलेल्या म्हाताऱ्याची नातवंडे-पतवंडे आता चढ्या भावाने विकली जाऊ लागली.

२२/ आणि भाव चढला की वंशावळ लागते. १८४० च्या दशकात शेतीविषयक नियतकालिकांत वाद पेटला : मूळ घोड्याचा बाप कोण? जस्टिन मॉर्गनच्या मुलाने आणि एका नातलगाने पत्रे लिहिली. त्यांच्या मते बाप ‘ट्रू ब्रिटन’ नावाचा उमदा वळू. इतरांनी इतर दावे केले. घोडा जिवंत असताना हा प्रश्न लिहून ठेवण्याइतका कोणालाच महत्त्वाचा वाटला नव्हता.

२३/ १८५७ मध्ये डॅनियल लिन्स्ली याने या वंशावर पुस्तक प्रसिद्ध केले. फिगरला प्रत्यक्ष पाहिलेल्या वृद्धांच्या आठवणी त्याने जमवल्या. आज ज्याला आपण मौखिक इतिहास म्हणतो, तेच हे काम. ते नसते तर ओंडक्याची कथाही उरली नसती. पण लिन्स्लीने घोड्याचा जन्म १७९३ चा ठरवला, आणि तिथे तो चुकला.

२४/ चूक सापडली ती जाहिरातींमुळे. जोसेफ बॅटेल या व्हरमाँटच्या धनिकाने जुनी वृत्तपत्रे चाळली. १७९० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यातच मॉर्गन आपल्या ‘फिगर’ नावाच्या वळूची जाहिरात देत होता. १७९३ साली जन्मलेले शिंगरू तेव्हा घोड्यांना दाखवणे शक्यच नव्हते. म्हणून जन्मवर्ष मागे गेले, १७८९. माणसांच्या आठवणी प्रामाणिक होत्या, तरी काही शिलिंग मिळवण्यासाठी छापलेल्या जाहिरातीने त्यांना दुरुस्त केले. साधनांची तुलना का करायची, याचे इतके सुटसुटीत उदाहरण मला वर्गात क्वचितच मिळाले.

२५/ बॅटेलने १८९४ मध्ये मॉर्गन घोड्यांच्या वंशनोंदीचा पहिला खंड काढला. वेब्रिजमधील आपले शेत त्याने १९०७ मध्ये घोड्यांच्या पैदाशीसाठी अमेरिकन सरकारला दिले. १९२१ मध्ये, फिगरच्या मृत्यूला शंभर वर्षे होत असताना, तिथे त्याचा पुतळा बसवला गेला. १९५१ मध्ये ते शेत व्हरमाँट विद्यापीठाकडे गेले. १९६१ मध्ये मॉर्गन घोडा राज्यप्राणी झाला.

२६/ मधल्या काळात मोठी किंमतही मोजली गेली. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) व्हरमाँटचे पहिले घोडदळ मॉर्गन घोड्यांवर स्वार होऊन गेले. निघालेल्या घोड्यांपैकी फार थोडे परतले. सेनापती फिलिप शेरिडनचा काळा घोडा रिएन्झी याच वंशाचा मानला जातो. त्याचे पेंढा भरलेले शरीर आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात उभे आहे. न बिथरणे हा गुण शेतात उपयोगी पडला, तसाच तोफांसमोरही पडला.

२७/ आता या कथेतील एक मोठी पोकळी. वंशावळीत बाप-मुलगा-नातू अशी साखळी ठळक दिसते. आया कुठे आहेत? शर्मनचा अर्धा वंश त्याच्या आईचा. ईथन ॲलनमध्ये फिगरचा वाटा सरासरीने आठवा हिस्सा. उरलेले सात हिस्से बव्हंशी अशा घोड्यांचे, ज्यांची नावेही धड नोंदली गेली नाहीत. एक वळू एका हंगामात डझनावारी घोड्यांना दाखवला जाई, आणि घोडीला वर्षाला एकच शिंगरू होई. म्हणून नाव त्याचे राहिले. ‘एका घोड्यापासून निर्माण झालेला वंश’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण अपुरे आहे.

२८/ आणि एक अवघड प्रश्न. फिगर बिथरणारा, चावरा, हट्टी वळू असता तर? बहुधा लवकर खच्ची झाला असता आणि वंश संपला असता. म्हणजे सालसपणाने त्याला वंश दिला. पण त्याच सालसपणामुळे विशी उलटल्यावरही त्याला मालवाहू गाडीला जुंपता आले. जो नाही म्हणत नाही, त्याच्यावर आणखी एक ओझे टाकले जाते. त्याच्या गुणांचा फायदा घेणारे मालक अनेक झाले. म्हातारपणी त्याला कोरडी जागा द्यायला मात्र कोणी उरला नाही.

२९/ यात एखादा मालक खलनायक होता असे मला वाटत नाही. कर्जात बुडालेली, थंडीशी झगडणारी माणसे होती ती. वीस-तीस डॉलरसाठी त्यांनी चांगला घोडा विकला, कारण त्यांना ते पैसे हवेच होते. आपल्या हातून इतिहास जातो आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. मॉर्गनलाही कळले नाही. आपण चालींमुळे लक्षात राहू, असेच त्या गायनशिक्षकाला वाटले असेल.

३०/ पुतळ्याचा फोटो पाहाल तेव्हा एक लक्षात ठेवा. तो सन्मान खरा आहे, पण तो मेलेल्या घोड्याला मिळाला, आणि वंशाला बाजारभाव आल्यावर मिळाला. जिवंत घोड्याला त्या हिवाळ्यात हवी होती एक गोठ्याची भिंत आणि जखम धुणारा एक माणूस. इतिहास लिहिताना या दोन गोष्टींमधले अंतर विसरू नये, एवढेच.

धागा इथे संपतो. तुमच्या घरी किंवा गावी बैल, घोडा अथवा इतर कामाचे जनावर असेल आणि त्याच्या आठवणी सांगणारी वडीलधारी माणसे असतील, तर त्या आजच लिहून घ्या. नाव, रंग, साल, कोणाकडून घेतले, कोणाला दिले. लिन्स्लीनेही अशीच सुरुवात केली होती.

#इतिहासधागा